४३६ रुपयांचा हिशेब: ॲक्च्युअरी काय करतात आणि त्या कामाकडे कसं वळायचं

मे महिना संपत आला की आमच्या कोरेगावच्या मावशीचा फोन येतो. "काय गं, बँकेनं ४३६ रुपये कापलेत, ते कशाचे?" दरवर्षी मी तिला तेच सांगते. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा हप्ता आहे, १ जून ते पुढच्या ३१ मेपर्यंतचा, आणि त्या काळात तुझं काही बरंवाईट झालं तर नॉमिनीला दोन लाख मिळतील. यंदा मात्र तिनं पुढचा प्रश्न विचारला. "ते समजलं. पण ४३६च का? चारशे का नाही, साडेचारशे का नाही?"

मी मुंबईत एका आयुर्विमा कंपनीच्या ॲक्च्युअरियल विभागात काम करते. आजवर मला कुणी विचारलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न. नातेवाइकांना माझं काम सांगायला जावं तर "म्हणजे विम्याचं सीए का?" किंवा "म्हणजे एजंट?" इथंच गाडी अडते. विमागणितज्ञ असा मराठी शब्द आहे, पण तो सरकारी कागदाबाहेर फारसा ऐकू येत नाही. तेव्हा मावशीच्या ४३६ रुपयांनाच धरून सांगते.

त्या ४३६मधले ११ रुपये बँकेच्या कामकाजाचे, ३० रुपये एजंट किंवा बँक मित्राचे. विमा कंपनीकडे जातात ३९५. आता एक लाख खातेदार आहेत असं धरा. कंपनीकडे जमा झाले ३ कोटी ९५ लाख. प्रत्येक दावा दोन लाखांचा, म्हणजे या पैशांत १९७ दावे भागतात. एकशे अठ्ठ्याण्णवाव्या घरी खिशातून द्यावे लागतील. थोडक्यात, त्या वर्षात हजारातली दोनच्या आसपास माणसं जातील, एवढ्या अंदाजावर हा हप्ता उभा आहे.

२०१५ साली ही योजना सुरू झाली तेव्हा हप्ता ३३० रुपये होता. त्यातले विमा कंपनीचे २८९. त्याच हिशेबानं लाखामागं १४४ दावे भागायचे. प्रत्यक्षात दावे त्याहून जास्त येत राहिले, गोळा होणारा हप्ता पुरेना, म्हणून जून २०२२पासून ४३६ झाले. "महागाई वाढली म्हणून वाढवले असतील," असं मावशीला वाटत होतं. पण दोन लाखांचे दोन लाखच राहिले होते. बदलला होता तो माणसं किती जातील याचा अंदाज.

हा अंदाज बांधणं, तो कशाच्या आधारावर बांधला ते लिहून ठेवणं, दरवर्षी प्रत्यक्ष आकड्यांशी ताडून पाहणं, आणि अंदाज चुकलाच तरी दोन लाख द्यायला पैसा हाताशी राहील अशी सोय करणं, हे ॲक्च्युअरीचं काम.

एक माणूस आणि एक लाख माणसं

लोकांना वाटतं की आम्ही कोण कधी जाणार याचं भाकीत करतो. ते कुणालाच करता येत नाही. मावशीबद्दल मला काहीही सांगता येणार नाही. मावशीसारख्या एक लाख जणींबद्दल मात्र बऱ्यापैकी सांगता येतं.

हजार वस्तीचं एक गाव घ्या आणि वर्षाला हजारी दोन मृत्यू हा दर धरा. गणितानं असं दिसतं की साधारण सात वर्षांतल्या एका वर्षी तिथं एकही मृत्यू होणार नाही, आणि जवळपास तितक्याच वेळा चार किंवा त्याहून जास्त होतील. गावानं आपापसात वर्गणी काढून विमा चालवायचा ठरवला, तर एखाद्या वर्षी पेटी भरलेली राहील आणि एखाद्या वर्षी दुप्पट पैसे लागतील. तीच गोष्ट लाख माणसांत केली तर सरासरी २०० मृत्यू येतात आणि बहुतेक वर्षी आकडा १७० ते २३०च्या आतच राहतो. गावात शंभर टक्के इकडेतिकडे होणारी गोष्ट लाखात पंधरा टक्क्यांवर येते. विम्याचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे.

यात एक मोठी अट आहे. एकाच्या घरावर आलेलं संकट दुसऱ्याच्या घरावर त्याच वेळी येता कामा नये. २६ जुलै २००५ला सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा गाड्या, दुकानं, गोदामं, तळमजल्यावरची घरं सगळी एकदम पाण्यात गेली. तिथं "लाखात इतके" हे गणित निरुपयोगी होतं, कारण बुडाले तर सगळेच बुडतात. कोविडमध्ये आयुर्विम्यानं तेच अनुभवलं. अशा वेळेसाठी विमा कंपन्या स्वतःचाही विमा उतरवतात. त्याला पुनर्विमा म्हणतात आणि आपल्याकडची सरकारी पुनर्विमा कंपनी, जीआयसी री, मुंबईतच आहे. कोणती जोखीम स्वतःकडे ठेवायची आणि कोणती पुढं सरकवायची, हा निर्णयही ॲक्च्युअरीच्या टेबलावरून जातो.

सारणी कुठून आली

वयानुसार किती माणसं जातात याचा तक्ता, म्हणजे मृत्युसारणी, हे आमचं पंचांग. धूमकेतूमुळे ज्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे त्या एडमंड हॅली यांनी १६९३मध्ये ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून अशी सारणी मांडली आणि कोणत्या वयाच्या माणसाला आयुष्यभराचं वर्षासन, म्हणजे दरवर्षी ठरावीक रक्कम, द्यायला आज किती रक्कम घ्यावी, तेही काढून दाखवलं. ते शहर आज पोलंडमध्ये आहे.

पण मला या इतिहासात जास्त जवळचे वाटतात ते जेम्स डॉडसन. लंडनमधले गणिताचे शिक्षक. तिथल्या एका जुन्या विमा संस्थेनं त्यांना वय पंचेचाळीसच्या वर आहे म्हणून घेतलं नाही. त्या काळच्या अशा संस्था जवळपास भिशीसारख्या चालायच्या. सगळ्यांची वर्गणी सारखी, मग वय काही असो. त्यामुळे म्हातारा माणूस आत घेणं कुणालाच परवडायचं नाही. डॉडसन यांचं म्हणणं असं की वयाप्रमाणे दर लावा, म्हणजे कुणालाही नाकारावं लागणार नाही. त्यांनी नुसतं तेवढंच सुचवलं नाही, आयुष्यभर एकसारखा राहील असा हप्ता कसा काढायचा हेही दाखवलं. त्यावर उभी राहिलेली इक्विटेबल ही संस्था १७६२ साली सुरू झाली, तोवर डॉडसन वारले होते. ॲक्च्युअरी हे पदनाम विम्यात पहिल्यांदा वापरलं गेलं ते याच संस्थेत.

आपल्याकडे सारणीअभावी काय व्हायचं, तेही पाहण्यासारखं आहे. एकोणिसाव्या शतकात इथं काम करणाऱ्या विलायती कंपन्या हिंदी माणसाचा विमा घ्यायच्याच नाहीत, घेतलाच तर जादा हप्ता लावायच्या. "इथल्या माणसाचा भरवसा नाही" एवढाच त्याचा आधार. १८७०मध्ये बॉम्बे म्युच्युअल लाइफ ॲश्युअरन्स सोसायटी निघाली आणि तिनं हिंदी माणसांना नेहमीच्या दरानं विमा दिला. आकडे नसले की त्या जागी पूर्वग्रह येऊन बसतो. हे तेव्हा जितकं खरं होतं, तितकंच आजही आहे.

आज आपल्याकडे वापरात असलेली सारणी २०१२ ते २०१४ या काळातल्या विमाधारकांच्या अनुभवावरून केलेली आहे. त्यात तिशीला हजारी सुमारे एक, चाळिशीला पावणेदोनच्या जरा खाली, पन्नाशीला साधारण साडेचार असा मृत्युदर आहे. हे विमा उतरवलेल्यांचे आकडे आहेत, संपूर्ण लोकसंख्येचे नव्हेत. वैद्यकीय तपासणीतून पार पडलेला, नियमित हप्ता भरू शकणारा माणूस सरासरी माणसापेक्षा जास्त जगतो.

याच सारणीवर एक कोटीचा मुदत विमा, म्हणजे टर्म इन्शुरन्स, लावून बघा. फक्त त्या त्या वर्षाच्या जोखमीचे पैसे घ्यायचे म्हटलं तर तिसाव्या वर्षी सुमारे ९,८०० रुपये, चाळिसाव्या वर्षी सुमारे १६,८००, आणि पन्नासाव्या वर्षी ४४ हजारांच्या पुढं. दरवर्षी असा चढत जाणारा हप्ता कोण भरेल? ज्याची तब्येत ठणठणीत आहे तो मध्येच सोडून देईल आणि ज्याला दुखणं लागलंय तो काही झालं तरी सोडणार नाही. मग मागं उरलेल्यांचा दर आणखी वाढेल. म्हणून डॉडसन यांची युक्ती: पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच हप्ता. सुरुवातीच्या वर्षांत माणूस गरजेपेक्षा थोडं जास्त भरतो आणि पुढं गरजेपेक्षा कमी.

इथं थोडं थांबायला हवं, कारण विम्यातला सगळ्यात मोठा गैरसमज इथंच आहे. सुरुवातीला जे जास्तीचं जमा होतं, तो कंपनीचा नफा नाही. ते पुढच्या वर्षांसाठी राखून ठेवलेलं आहे. आमच्या भाषेत रिझर्व्ह. कंपनीचा ताळेबंद बघणाऱ्याला ढीगभर पैसा दिसतो. तो पैसा विमाधारकांचा आहे आणि त्यातला किती हात न लावता ठेवायचा, हे कायद्यानं नेमलेल्या ॲक्च्युअरीनं सही करून सांगायचं असतं. या पदाला अपॉइंटेड ॲक्च्युअरी म्हणतात. प्रत्येक विमा कंपनीत तो असावाच लागतो. त्याच्या प्रमाणपत्राशिवाय पॉलिसी बाजारात येत नाही, आणि गडबड दिसली तर विमा नियामक आयआरडीएआयला कळवणं हे त्याचं कर्तव्य आहे, मग पगार कंपनी देत असली तरी.

व्याजाचा दर आणि एका संस्थेची गोष्ट

तीस वर्षांनी एक लाख रुपये देण्याचं वचन आज दिलं, तर आज बाजूला किती ठेवायचे? गुंतवणुकीवर ७ टक्के मिळतील असं धरलं तर १३,१३७ रुपये पुरतात. ५ टक्के धरलं तर २३,१३८ लागतात. फक्त दोन टक्क्यांचा फरक, आणि रक्कम पाऊणपटीनं वाढली. तीस वर्षांनंतरचा व्याजदर आज कुणालाही ठाऊक नसतो. तरीही कुठला तरी आकडा लिहावाच लागतो. तो लिहिताना हात थोडा आखडता ठेवायचा, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात.

त्याचं कारण म्हणजे पुन्हा तीच इक्विटेबल. विसाव्या शतकात त्या संस्थेनं हजारो लोकांना अशा पॉलिसी विकल्या होत्या की निवृत्त झाल्यावर ठरलेल्या दरानं पेन्शन मिळेलच. व्याजदर चढे होते तेव्हा ही हमी फुकटात पडत होती. बाजारातला दर हमीपेक्षा चांगला असल्यानं ती कुणी वापरतच नव्हतं, आणि म्हणून तिच्यासाठी पुरेसे पैसे बाजूला ठेवलेही गेले नाहीत. नव्वदच्या दशकात व्याजदर घसरले, शिवाय लोक आधीपेक्षा जास्त जगू लागले, आणि हमी एकदम महागात पडायला लागली. संस्थेनं बोनस कमी करून तोंडमिळवणी करून बघितली. लोक कोर्टात गेले. जुलै २०००मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं दिलेलं वचन पाळा असं सांगितलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संस्थेला नवे ग्राहक घेणं थांबवावं लागलं. ज्या संस्थेनं ॲक्च्युअरी हे पद जन्माला घातलं, तिच्याच बाबतीत हे घडलं. पुढं ब्रिटिश सरकारला करदात्यांच्या पैशातून नुकसानभरपाई द्यावी लागली.

मी हे वाचलं तेव्हा शिकत होते. तेव्हापासून "हमी" हा शब्द दिसला की मी आधी विचारते, याची किंमत कुणी काढली आहे का?

१ जूनचे वाढदिवस

आता आमच्या रोजच्या कामातली एक गोष्ट. लोकांना वाटतं दिवसभर अवघड समीकरणं सोडवत असतो. खरं तर निम्मा वेळ माहिती साफ करण्यात जातो.

नोकरी लागल्यावर मला दिलेली पहिली फाइल जुन्या विमाधारकांची होती. नाव नाही, फक्त क्रमांक, जन्मतारीख, पॉलिसीची तारीख, रक्कम. सवयीनं मी जन्मतारखांचा आलेख काढला. वर्षभर जवळपास सपाट रेघ आणि १ जूनला एकदम ताडमाड उंच सुळका. माझ्या शेजारी बसणारा सहकारी चेन्नईचा. तो म्हणाला, डेटा खराब आहे, आयटीकडे परत पाठवूया. मी म्हटलं, थांब. डेटा खराब नाही. ही महाराष्ट्रातली माणसं आहेत.

तुमच्या घरातल्या साठीच्या पुढच्या माणसांच्या जन्मतारखा आठवून बघा. शाळेत घालताना गुरुजींनी विचारलं, जन्म कधीचा? आई म्हणाली, नागपंचमीच्या आधीचा, त्या वर्षी विहिरीला पाणी लागलं होतं. गुरुजींनी हिशेब केला आणि जूनच्या शाळाप्रवेशात वय बसेल अशी तारीख लिहिली. १ जून. पुढं तीच दाखल्यावर, तीच आधारवर, तीच विम्याच्या अर्जावर.

आमच्या दृष्टीनं ही गंभीर बाब आहे. सगळं गणित वयावर आहे आणि लाखो लोकांचं वय वर्ष-दोन वर्षांनी इकडेतिकडे आहे. दावा देताना कागदावरची तारीखच धरायची, त्यात वाद नाही. पण या लोकांच्या अनुभवावरून पुढची सारणी करायची असेल तर अमुक वयाला मृत्यू अचानक वाढलेले आणि पुढच्या वयाला कमी झालेले दिसतात. प्रत्यक्षात तसं काही नसतं, नोंदीच गोळाबेरजेच्या असतात. मग आकडे गुळगुळीत करावे लागतात, शेजारच्या वयांचा आधार घेऊन. त्याला ग्रॅज्युएशन म्हणतात आणि त्याचं गणित पुस्तकात मिळतं. पण सुळका का आला हे ज्याला माहीत आहे, त्यालाच कळतं की कुठं हात लावायचा आणि कुठं नाही. मराठी शाळेत शिकून, गावाकडून आलेल्या मुलामुलींना मी आवर्जून सांगते की तुम्हाला ठाऊक असलेल्या अशा गोष्टी या धंद्यात मोलाच्या आहेत.

आयुर्विम्याबाहेर

वाहन, आग, आरोग्य, पीक यांचा विमा म्हणजे सर्वसाधारण विमा. तिथलं गणित वेगळ्या चालीचं असतं. माणूस एकदाच जातो आणि किती द्यायचं ते आधीच ठरलेलं असतं. गाडीला अपघात वर्षातून दोनदा होऊ शकतो आणि खर्च पाचशेपासून पन्नास लाखांपर्यंत कितीही. शिवाय काही दावे फार उशिरा येतात. यंदा झालेल्या अपघातात जखमी झालेल्या माणसाचा थर्ड पार्टी दावा, म्हणजे गाडीमालकाऐवजी त्या तिऱ्हाइताला द्यायची भरपाई, न्यायाधिकरणात वर्षानुवर्षं चालतो. पैसे पुढं कधीतरी द्यायचे असतात, पण हप्ता याच वर्षी घेतलेला असतो. म्हणून ३१ मार्चला ॲक्च्युअरीनं घडून गेलेल्या पण अजून कानावर न आलेल्या अपघातांसाठीही पैसे बाजूला काढायचे असतात. मागच्या दहाबारा वर्षांचे दावे कसे कसे फुगत गेले याचा एक त्रिकोणी तक्ता करतात आणि त्यावरून पुढचा अंदाज बांधतात.

पीक विम्याबद्दल थोडं, कारण आपल्याकडे त्यावर सगळ्यात जास्त बोललं जातं आणि सगळ्यात कमी समजावलं जातं. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत शेतकऱ्याचा वाटा खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी आणि फळपिकांना ५ टक्के. हा खरा दर नाही. खऱ्या दराला सरकारी कागदातसुद्धा ॲक्च्युअरियल दर म्हणतात आणि दुष्काळी तालुक्यात तो याच्या कितीतरी पट असू शकतो. मधला फरक केंद्र आणि राज्य सरकार भरतं. महाराष्ट्रात २०२३च्या खरिपापासून शेतकऱ्याचा वाटाही राज्यानं उचलला आणि अर्ज एका रुपयात झाला. २०२५मध्ये ती सवलत बंद झाली. त्या काळात "एका रुपयात विमा" असं म्हटलं जायचं, पण विमा एका रुपयाचा कधीच नव्हता. उरलेले पैसे करातून जात होते. ज्या दरावर एवढा सार्वजनिक पैसा जातो, तो महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांच्या, म्हणजे निवडक शेतांचा तुकडा कापून मोजलेल्या उत्पादनाच्या, नोंदींवर ठरतो. त्या नोंदी नीट झाल्या नाहीत तर जगातला कुठलाही ॲक्च्युअरी योग्य दर काढू शकणार नाही. शेतकऱ्यावर होणाऱ्या अन्यायाचं मूळ पुष्कळदा तिथं असतं, आणि त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

ग्रॅच्युइटीचंही काम मोठं आहे. शेवटच्या पगाराचे पंधरा दिवस गुणिले नोकरीची वर्षं, हा नियम सगळ्यांना माहीत असतो. पण कंपनीला ती देणी आजच हिशेबात दाखवावी लागतात आणि त्यासाठी किती लोक पाच वर्षं टिकतील, पगार कसा वाढेल, हे अंदाज लागतात. मार्चअखेर झाली की लहानमोठ्या कारखान्यांच्या अशा फायलींचा ढीग सल्लागार ॲक्च्युअरींकडे येतो.

या वाटेवर यायचं असेल तर

भारतात ॲक्च्युअरी होण्याची परीक्षा इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया घेते. १९४४मध्ये सोसायटी म्हणून सुरू झालेली ही संस्था ॲक्च्युअरीज कायदा, २००६मुळे वैधानिक झाली. तिचं कार्यालय नवी मुंबईत आहे. बारावीनंतर एसेट ही प्रवेशपरीक्षा देता येते: गणित, संख्याशास्त्र, इंग्रजी, तर्क, आकडेवारी वाचणं. ती फार अवघड नाही आणि तिथंच अनेकांची फसगत होते. खरा डोंगर पुढं आहे. संभाव्यता आणि संख्याशास्त्राचे पेपर, वित्तीय गणित, अर्थशास्त्र, मग विमा, पेन्शन, गुंतवणूक यांतले विशेष विषय, असे डझनभर पेपर. काही पेपरांत संगणकावर आर भाषेत किंवा एक्सेलमध्ये काम करून दाखवावं लागतं. एका पेपरात तर अवघड निष्कर्ष सामान्य ग्राहकाला समजेल असा लिहायचा असतो, आणि गणितात पहिले येणारे कितीतरी जण तिथं अडकतात. ब्रिटनमधल्या संस्थेच्या परीक्षाही इथून देता येतात. रचना अधूनमधून बदलते, त्यामुळे प्रवेश घेण्याआधी संस्थेच्या संकेतस्थळावर बघा, क्लासच्या जाहिरातीवर नको.

वेळ किती लागतो? नोकरी करत, सकाळी लोकलमध्ये आणि रात्री जेवणानंतर अभ्यास करत, सहासात वर्षं तरी धरा. दहा लागलेले माझ्या ओळखीत आहेत आणि ते उत्तम काम करतात. पेपरात नापास होणं इथं रोजचंच. देशात फेलो, म्हणजे सगळे पेपर पार करून पूर्ण ॲक्च्युअरी झालेल्यांची संख्या अजून काही शेकड्यांतच मोजावी लागते. "भरपूर पगाराचं करिअर" म्हणून व्हिडिओ बघून येणाऱ्यांना मी स्पष्टच सांगते: पगार चांगला आहे, पण पगारासाठी सात वर्षं अभ्यास होत नाही. "असं का झालं असेल?" या प्रश्नानं ज्याला झोप लागत नाही, त्याचाच होतो.

आणखी एक. पदवीसाठी लगेच ॲक्च्युअरियल सायन्स नाव असलेल्या महागड्या कोर्सच्या मागं धावू नका. संख्याशास्त्रातली साधी बीएस्सी उत्तम चालते. दोनतीन पेपर सुटले की शिकाऊ विश्लेषक म्हणून नोकरी मिळू शकते. परदेशी विमा कंपन्यांचंही बरंच काम आता मुंबई, पुणे, बंगळूर, गुरुग्राममधून होतं. चारपाच पेपर करून थांबलेले लोकही विश्लेषक म्हणून चांगले स्थिरावतात, ती वर्षं वाया जात नाहीत.

गणित आवडत नसेल पण विमा आवडत असेल, तरी जागा पुष्कळ आहेत. अंडररायटर अर्ज वाचून ठरवतो की हा माणूस घ्यायचा का आणि कोणत्या दरानं. मधुमेह, दारू, व्यवसायातला धोका, सगळं त्याला बघावं लागतं. आरोग्य विम्याच्या दाव्यांत आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे पदवीधर डॉक्टर मोठ्या संख्येनं काम करतात. सर्व्हेअर आग लागलेल्या कारखान्यात जाऊन नुकसान मोजतो. त्यात इंजिनिअरांना वाव आहे. मुंबईतली इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया लायसेन्शिएट, असोसिएट, फेलो अशा परीक्षा घेते, त्या नोकरी करत देता येतात. पुण्याच्या बालेवाडीत नॅशनल इन्शुरन्स ॲकॅडमी आहे. एलआयसी, न्यू इंडिया ॲश्युअरन्स, जीआयसी री यांची मुख्यालयं मुंबईत असल्यामुळे मराठी मुलांना हे सगळं तसं हाताशी आहे. आणि एजंटाला कमी लेखू नका. साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९१३मध्ये वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी काढली. १९५६च्या राष्ट्रीयीकरणात अशा लहानमोठ्या २४५ संस्था एकत्र येऊन एलआयसी झाली, आणि हे राष्ट्रीयीकरण आकाशवाणीवरून जाहीर करणारे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. पण विमा वाडीवस्तीपर्यंत पोचला तो सायकलवरून फिरणाऱ्या एजंटांमुळे. आमच्या सारणीतली प्रत्येक ओळ त्यांनी भरलेल्या अर्जांतून आलेली आहे.

मावशीला मी हे सगळं सांगितलं नाही. हजारी दोनचा हिशेब तेवढा सांगितला. तिनं विचारलं, "मग पन्नाशीच्या बाईला आणि विशीच्या पोराला सारखेच ४३६?" हो, सारखेच. १८ ते ५० वयात कधीही आत येता येतं, तपासणी नाही, फक्त नव्यानं आलेल्याला पहिले ३० दिवस अपघाताव्यतिरिक्त संरक्षण नसतं, म्हणजे आजारी पडल्यावर कुणी धावत येऊ नये. आणि ५५ पूर्ण झाली की संरक्षण संपतं. त्या वयाला दर हजारी सातच्या वर गेलेला असतो, दोन लाखांसाठी एकट्या जोखमीचेच चौदाशे रुपये व्हायला लागतात.

"म्हणजे इतकी वर्षं माझ्या वाटचे थोडे तुम्ही पोरं भरत होतात," ती म्हणाली. मग पासबुक बघून म्हणाली, "माझे ५५ या १ जूनला होतायत बघ." पाठीमागून आजीचा आवाज आला, "कसला जून? श्रावणातली आहे ती. आणि ५३ची."